आणि एक सायकल घ्यायची आहे? आधी घरात बोला

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातून सकाळी सहाला नाथ पै चौकाकडे निघालात, तर हेल्मेट घातलेले दोन-चार सायकलवाले आता नेहमी दिसतात. कुणी येळ्ळूर रस्त्याने राजहंसगडाकडे वळतो, कुणी खानापूरपर्यंत जाऊन नाष्ट्याला परत येतो. यातल्या बऱ्याच जणांचा मला विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "दुसरी सायकल घ्यायची आहे, घरात कसं पटवू?" त्यांच्या घरच्यांचा प्रश्नही ठरलेला : "एक आहे की दारात. आणि एक कशाला ओ?"

घरच्यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. ते कसं तयार करायचं आणि उत्तर नसेल तर काय करायचं, ते इथे सांगतो. सोयीसाठी बहुतेक ठिकाणी सायकल नवऱ्याला हवी आहे असं धरलं आहे. बायकोला हवी असेल तर काय, ते शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे आणि ते नवऱ्यांनीही वाचावं.

आधी एक ओळ पुरी करा

कागद घ्या आणि लिहा : "माझ्या आताच्या सायकलीवर ........ होत नाही." रिकाम्या जागी एक काम यायला हवं. ते सुचलं नाही तर सायकल घेऊ नका.

खरी कारणं अशी असतात :

- आताची सायकल रेसिंगची आहे. तिला कॅरिअर आणि मडगार्ड बसत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर ती भिंतीला टेकून असते आणि तुम्ही उद्यमबागला स्कूटरने जाता.
- आताची साधी, बिनगिअरची आहे. गावात उत्तम, पण राजहंसगडाच्या चढाला उतरून ढकलावी लागते आणि चोर्ला घाटाचा विचारही करता येत नाही.
- फ्रेम तुमच्या मापाची नाही. तासाभरात मान आणि गुडघे धरतात.
- सायकल एक आणि चालवणारे दोघे.

नवं मॉडेल आलं, ग्रुपमधल्या चौघांनी घेतली, दसऱ्याची ऑफर आहे, ही कारणं घरात सांगण्याच्या योग्यतेची नाहीत. सायकलवाल्यांमध्ये एक सूत्र फिरतं, की माणसाला हव्या असलेल्या सायकलींची संख्या म्हणजे आहेत त्या अधिक एक. मित्रांत ते ठीक आहे. ज्या घरात मुलाची फी आणि सासूबाईंची औषधं एकाच पगारातून निघतात, तिथे ते सांगू नका.

पेट्रोल वाचेल असं सांगू नका

हे कारण सगळ्यात जास्त दिलं जातं आणि सगळ्यात लवकर कोसळतं. हिशोब करून पाहा. शहापूर ते उद्यमबाग जाऊन-येऊन दहा किलोमीटर धरू. महिन्याचे २५ दिवस म्हणजे २५० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर साडेपाच लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर साधारण ५५० रुपये महिना. २४ हजारांची सायकल या दराने वसूल व्हायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतात, तेही एकही दिवस न चुकता चालवली तर.

शिवाय हा हिशोब पहिल्या सायकलीचा झाला. ती दारात असताना कामावर तुम्ही तिनेच जात असाल, तर दुसरी सायकल एक थेंबही जास्त वाचवत नाही. जी फेरी पहिलीवर होत नव्हती आणि दुसरीवर होईल, तेवढीच बचत धरा.

'तुझंही येणं-जाणं सायकलवर होईल, तेवढा खर्च वाचेल' हेही सांगू नका. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. तिच्या तिकिटाचे पैसे वाचतच आहेत.

सायकल तब्येतीसाठी आणि आनंदासाठी हवी असेल तर तसंच सांगा. ते पुरेसं सन्मानाचं कारण आहे. खोटी बचत दाखवलीत तर सहा महिन्यांनी ती तपासली जाते.

'नको' म्हणण्यामागचं कारण ओळखा

घरातून 'नको' आलं की नवरे लगेच किमतीवर बोलायला लागतात. पण त्या 'नको'त चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. कोणती आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

पैसा ही त्यातली एक. त्याबद्दल पुढे.

दुसरी जागा. शहापुरातली जुनी घरं अरुंद आणि लांब. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर. विणकरांच्या घरात तर एक खोली मागालाच गेलेली. सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब आणि हँडलपाशी अर्धा मीटरहून रुंद. ती सोप्यात उभी राहिली की जागा जाते ती कपडे वाळत घालायची, शिलाई मशीनची किंवा आल्यागेल्याला बसवायची. म्हणजे ती जागा बहुतेक वेळा तुमची नसते, तिची असते. मोजपट्टी घेऊन भिंत मोजा, टांगायचा हूक कुठे बसेल ते दाखवा. टांगायला जागा नसेल तर जुनी सायकल बाहेर गेल्याशिवाय नवी आत येणार नाही, हे तुम्हीच आधी कबूल करा.

तिसरी रविवारची सकाळ. माझ्या मते खरा अडथळा बहुतेक घरांत हाच असतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. तुम्ही पहाटे पाचला निघून अकराला येता. त्या सहा तासांत नळाला पाणी आलेलं असतं, ते तिने भरलेलं असतं, मुलांचं आवरलेलं असतं, बाजार झालेला असतो. तुम्ही येता ते दमून, आणि जेवून झोपता. दुसरी सायकल म्हणजे असे आणखी रविवार, हे तिला तुमच्या आधी समजलेलं असतं. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करायचा विचार असेल तर तेही आताच सांगा. २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. आंबोलीला जाऊन येणं हाच पूर्ण दिवस आहे. महिन्यातले कोणते रविवार तुमचे आणि कोणते तिचे, ते कॅलेंडरवर दोघांनी मिळून लिहा. तिच्या रविवारी पाणी, पोरं आणि स्वयंपाक तुमच्याकडे. हे आधी दोन महिने करून दाखवा आणि मग सायकलीचा विषय काढा. माझ्या पाहण्यात याहून चांगला युक्तिवाद नाही.

चौथी भीती. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सायकल चालवणाऱ्याच्या घरी फोन वाजला की काळजात धस्स होतं. 'काही होत नाही' हे त्याला उत्तर नव्हे. उत्तर असं असतं :

- हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, अंगावर चमकणारं जॅकेट यांची किंमत सायकलीच्या किमतीतच धरा. पैसे उरले तर घेऊ, असं म्हणू नका.
- कुठल्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता घरी येणार, हे निघण्याआधी सांगा. उशीर होणार असेल तर थांबून फोन करा. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवा.
- अंधारात महामार्ग टाळा. सरावाला येळ्ळूर, उचगाव, जांबोटीकडचे रस्ते पुरे आहेत.
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यावर घेतली नसेल तर घ्या. १८ ते ७० वयाला वर्षाला २० रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. नॉमिनीत तिचं नाव आहे का, ते पासबुकासोबत बघून घ्या.

विकत घेण्याआधीचे मार्ग

सगळ्यात स्वस्त मार्ग आधी बघा.

आहे तीच नीट करा. चेन, फ्रीव्हील, ब्रेक शू, केबल बदलून, कप-कोनमधले छर्रे नवे घालून आणि रिम सरळ करून घेतली की पाच वर्षांची सायकल वेगळीच चालते. चढ जड जातो हे कारण असेल तर मेकॅनिकला मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची आहे ते विचारा. २८ ची असेल तर ३४ ची बसेल का आणि तुमच्या डिरेलरला ती झेपेल का, तेही विचारा. त्याला लागणारा पैसा नव्या सायकलीच्या जवळपासही नसतो. पाठ दुखत असेल तर आधी सीटची उंची आणि हँडल बदलून बघा. माझा अंदाज आहे की दुसऱ्या सायकलीची निम्मी तरी इच्छा चांगल्या ओव्हरहॉलिंगने शमते.

महिनाभर उसनी चालवा. ज्या प्रकारची घ्यायची आहे ती मित्राकडून घ्या आणि आपली त्याला द्या. हौस किती टिकते ते दोघांनाही कळतं.

एक विका, एक घ्या. घरातली संख्या वाढत नाही, त्यामुळे जागेचा वाद संपतो. आधी विका, मग घ्या. 'घेतो आणि मग विकतो' म्हटलेली सायकल सहसा विकली जात नाही.

जुनी विकत घ्या. कोल्हापूर, पुणे, गोवा इथल्या लोकांच्या चांगल्या सायकली वर्ष-दोन वर्षांत निम्म्या किमतीला निघतात. मात्र पेडलच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर बघा, मूळ बिल मागा, पैसे खात्यावर द्या आणि फ्रेम नंबर घालून विक्रेत्याची सही असलेली पावती घ्या. नंबर घासलेला असेल तर तिथूनच परत या. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्याजोगं कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

ई-सायकल. वय, गुडघे किंवा कामाची घाई असेल तर हा चांगला मार्ग आहे. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. 'आमची चाळीसने पळते, तरी काही लागत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अशी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते आणि अपघातात अडचण तुमची होते.

पैसा कुठून आणायचा, कुठे हात लावायचा नाही

आपल्या भागात पिग्मी हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ही रोजची बचत आज आपल्या सोसायट्यांमध्येही चालते. रोज ५० रुपये टाकले तर वर्षात अठरा हजारांवर जातात. सायकलीसाठी वेगळी पिग्मी उघडा आणि पुस्तक घरात दिसेल तिथे ठेवा. वर्षभर हप्ता चुकला नाही, तर सायकलीबद्दल तुम्ही किती गंभीर आहात ते न बोलता कळतं. तुमच्या नावाची भिशी असेल तर तीही चालेल.

इथे मात्र हात लावू नका :

- तिचं सोनं. स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं असतं. ते सायकलीसाठी गहाण टाकायची गोष्टही काढू नका.
- तिच्या बचत गटाचं कर्ज. हप्ता चुकला तर गटात मान तिची खाली जाते.
- गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार. ते तिच्या खात्यावर तिच्यासाठी येतात.
- फी, विमा आणि आजारपणासाठी ठेवलेली रक्कम.

'नो-कॉस्ट ईएमआय' म्हटलं तरी रोख घेतल्यास मिळणारी सूट बहुतेक वेळा जाते, वर प्रोसेसिंग फी लागते. कर्ज घ्यायचंच असेल तर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तिगत कर्जांना ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो.

किंमत लपवू नका

मित्राच्या घरी सायकल ठेवणं, 'त्याने वापरायला दिली' म्हणणं, बिल दोन ठिकाणी फोडणं, हे सगळं मी पाहिलं आहे आणि एक गोष्ट मी स्वतः केली आहे. २२ हजारांची सायकल मी घरात १४ हजारांची सांगितली. वर्षभराने वॉरंटीसाठी कागद शोधताना बिल बायकोच्या हाताला लागलं. सायकलीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "बाकीचे हिशोब पण असेच आहेत काय ओ?" एवढंच विचारलं. त्यानंतर पगाराची चिठ्ठी दर महिन्याला टेबलावर ठेवायची सवय मी लावून घेतली, आणि तो प्रश्न तिच्या मनातून जायला दोन वर्षं लागली. आठ हजारांसाठी हे करू नका.

बोलायचं कधी आणि कसं

महिनाअखेरीला नको. रविवारी अकराला घामाघूम परतल्यावर नको. आईवडिलांसमोर, पोरांसमोर किंवा मित्र घरी आलेले असताना तर मुळीच नको. चारचौघांत मागितलेला होकार हा दबाव असतो. जेवणं झाल्यावर, दोघंच असताना बोला.

आधी लिहिलेली ती एक ओळ वाचून दाखवा. मग संपूर्ण आकडा सांगा : सायकल, हेल्मेट, दिवे, कुलूप, पंप आणि वर्षाची सर्व्हिसिंग. नुसती सायकलीची किंमत सांगितलीत तर पुढे प्रत्येक खरेदी हा नवा वाद होतो. मग जागा आणि रविवार. शेवटी विचारा, "तुला यातलं काय खटकतं?" आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. उत्तर त्याच रात्री मिळायला हवं असा आग्रह धरू नका. दुकानदाराला ॲडव्हान्स देऊन मग विचारायला बसणं हे विचारणं नाही, कळवणं आहे.

सायकल तुम्हाला हवी असेल आणि 'नको' तो म्हणत असेल

हा भाग बहिणींसाठी. दुसऱ्या सायकलीवरून वाद घालणारी जी घरं मी पाहिली, त्यातल्या बऱ्याच घरांत बायकोकडे पहिलीही सायकल नव्हती. कर्नाटकात २००६-०७ पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. त्या पहिल्या मुली आता तिशीत आहेत, संसारात आहेत. वडगाव, खासबाग, येळ्ळूरच्या रस्त्यांवरून रोज शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलीची सायकल लग्नानंतर सुटते आणि कुणी त्याबद्दल विचारतही नाही.

तुमच्या कमाईतून किंवा बचतीतून घेत असाल तर सांगणं पुरे आहे, परवानगी लागत नाही. 'या वयात?' आणि 'लोक काय म्हणतील?' याला उत्तर देत बसण्यापेक्षा आठ दिवस भाजीला सायकलने जाऊन या. साडी किंवा ओढणी वापरत असाल तर मधला दांडा खाली असलेली फ्रेम, चेन कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली घ्या. दुकानात 'लेडीज सायकल' म्हणून जी पुढे करतात ती मापाची असेलच असं नाही. बसून दोन्ही पायांचे चवडे टेकतात का, ब्रेकचा दांडा बोटांत येतो का, ते बघा.

आणि नवऱ्यांनो, घरात दुसरी सायकल यायचीच असेल तर ती आधी तिची असू द्या. तुमच्या दुसरीचा नंबर त्यानंतर.

दुकानात : बिल आणि तुमचे हक्क

- २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर किती लावला ते बघा.
- बिल मागा. बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित व्यापार आहे. बिलावर मॉडेल आणि फ्रेम नंबर लिहून घ्या.
- 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष सायकल परत घेऊन पैसे देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. रंग आवडला नाही म्हणून मात्र हा हक्क मिळत नाही.
- फ्रेमची वॉरंटी वेगळी असते, टायर-ट्यूब-चेनची वेगळी. लेखी घ्या. ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट जोडून येते. ती कुणाकडून जोडल्यास वॉरंटी राहते, ते आधी विचारा.
- तक्रार करायची असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतूनही बोलते. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. सीमाभागातल्या आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, सायकल कोल्हापुरातून किंवा पुण्याच्या वेबसाइटवरून घेतली असली तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे बेळगावात, तक्रार करता येते.
- घरी आणल्यावर सायकलीचा आणि फ्रेम नंबरचा फोटो काढून दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. चोरी झाली तर तक्रारीला तोच लागतो. एफआयआरची प्रत मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे.

'नको' हेच उत्तर आलं तर

ते उत्तर माना. टोमणे नकोत, अबोला नको, मित्रांसमोर तिच्या नकाराचा किस्सा नको. आहे ती सायकल सहा महिने चालवा आणि वहीत लिहा : कोणत्या दिवशी, कुठे, किती किलोमीटर आणि काय अडलं. वही रिकामी राहिली तर घरचं म्हणणं बरोबर होतं. भरली तर ती घेऊन पुन्हा बोला, आणि ठरलं तर गुढीपाडव्याला दुकानात दोघंही जा. बिल तिच्या हातात द्यायला सांगा.